शिल्पाचा पाया म्हणजे हुबेहूबपणा नव्हे

शिल्पकलेच्या शिक्षणाबद्दल हल्ली एक मत वारंवार ऐकू येते. विद्यार्थ्याला आधी मातीत नाक, कान, ओठ करायला बसवायचे, मग मॉडेल समोर ठेवून डोके, मग अर्धपुतळा, मग पूर्णाकृती, हा क्रम आता कालबाह्य झाला आहे, असे ते मत. मोबाइलवर माणसाचे त्रिमित स्कॅन होते, यंत्र हव्या त्या मापाचा फोम कापून देते आणि प्रदर्शनात शिल्प म्हणून जे मांडले जाते ते पुष्कळदा कलावंताने हाताने घडवलेलेही नसते. मग शाडूत हात घालून वर्षे कशाला घालवायची? याला जोडून आणखी दोन आक्षेप येतात. एक, या कवायतीने विद्यार्थ्याची स्वतःची नजर मारली जाते. दोन, ही कवायत मुळात आपली नाहीच. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले तेव्हापासून ती आपल्या गळ्यात पडली आहे. तिन्ही आक्षेपांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. पण तिन्हींच्या तळाशी गैरसमज एकच आहे, आणि दुर्दैव असे की मूलभूत शिक्षणाची बाजू लढवणारे अनेक शिक्षकही तोच उराशी धरून बसलेले असतात. तो असा की, समोरच्यासारखे करता येणे म्हणजे शिल्पाचा पाया. विरोधक म्हणतात, सारखेपणा आता यंत्र देते, तेव्हा पाया नको. समर्थक म्हणतात, आधी सारखेपणा येऊ दे, मग काय हवे ते कर. माझे म्हणणे असे की शिल्पाच्या पायात शिकायचे असते ते घनाकार कसा उभा राहतो, कसा वळतो, कुठला पदार्थ किती भार सोसतो आणि उजेड पडल्यावर आकार कसा दिसतो, हे. सारखेपणा हा या अभ्यासातला फक्त एक तपासनीस आहे. तपासनिसालाच विषय समजल्यामुळे सगळा वाद भरकटला आहे.

नवशिक्याने केलेले पहिले डोके पाहिले की हे लगेच लक्षात येते. समोरून ते बहुधा बरे दिसते. डोळे, नाक, ओठ जागच्या जागी असतात. स्टँड अर्धा फिरवला की पितळ उघडे पडते. कान गालाच्या जवळ सरकलेला असतो आणि कानामागे डोके जवळजवळ संपलेलेच असते. माणसाच्या डोक्याची कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतची खोली ही हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीच्या बरीच जवळ जाते आणि कान त्या खोलीच्या मागच्या अर्ध्यात बसतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला पटत नाही. कारण आपली नजर फोटोवर पोसलेली आहे आणि फोटोला मागची बाजू नसते. डोळ्याचेही तसेच. नवशिका गालाच्या पातळीवर बदामी आकार कोरतो आणि त्यात बुबुळाची रेघ मारतो. शिकलेला हात आधी खोबणी करतो, तिच्यात गोळा बसवतो आणि त्या गोळ्यावरून पापणी जाडीसकट वळवून आणतो. मग वरच्या पापणीची सावली आपोआप पडते आणि बुबुळ न कोरताही ते डोके पाहू लागते. मानेच्या खळगीतून ओळंबा सोडून तो कुठे उतरतो हे पाहणे, डोके डावीकडे वळले की खांदा काय करतो हे तपासणे, दर थोड्या वेळाने स्टँड फिरवून नवी कडा पाहणे, ही सगळी खटपट त्या एका मॉडेलचा चेहरा जमावा एवढ्यासाठी नसते. चारी बाजूंनी एकाच वेळी विचार करायची सवय लागावी यासाठी असते. पोळी गोल आली म्हणजे स्वयंपाक आला असे कोणी मानत नाही. नाक जमले म्हणजे शिल्प आले असे मात्र आपण बिनदिक्कत मानतो.

आकाराइतकाच महत्त्वाचा दुसरा धडा पदार्थाचा. ग्रीक ब्राँझ पुतळ्यांच्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती पाहाव्यात. पॉलिक्लिटसच्या भालाधारी तरुणाच्या मूळ ब्राँझमध्ये नसलेला झाडाचा बुंधा प्रतीत पायाला चिकटून उभा असतो. तो सजावटीसाठी नाही. पोकळ ब्राँझ दोन घोट्यांवर तोलता येते, संगमरवराचे वजन त्याच घोट्यांना पेलत नाही, म्हणून तो बुंधा आला. कारागिराला पदार्थ कळत होता, पण त्या गरजेला रचनेत सामावून घेणे दर वेळी साधले नाही. बुंधा बाहेरचाच वाटत राहिला. आता सेंट पीटर्सबर्गमधला फाल्कोनेचा पीटर बादशहाचा अश्वारूढ पुतळा पाहा, १७८२ सालचा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा ठाकला आहे आणि त्याच्या पायाखाली साप चिरडला जातो आहे. हा साप म्हणजे बादशहाचे शत्रू, हा अर्थ झाला. पण तोच साप घोड्याच्या शेपटीला टेकू देऊन पुतळ्याला तिसरा आधार पुरवतो. तोल आणि अर्थ इथे एकाच वस्तूत आले आहेत. शिल्पाचा पाया पक्का असणे म्हणजे नेमके हे. वजनाचा प्रश्न आधी सोडवायचा आणि मग त्यावर कल्पना चढवायची, किंवा कल्पना सुचवून तोल सांभाळायचे काम दुसऱ्यावर ढकलायचे, अशी विभागणी ज्याला करावी लागते त्याचे शिल्प बुंध्याच्या पुढे जात नाही.

महाराष्ट्राला या धड्याची आठवण फार कडवटपणे झाली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही उभा राहिला नाही. त्यानंतर राजकारण झाले, निविदांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चौकशीत आतल्या सांगाड्याची ताकद, वेल्डिंग आणि गंज हे मुद्दे पुढे आले. यावर कोणी म्हणेल, हा अभियंत्याचा विषय; शिल्पशिक्षणाचा इथे काय संबंध? संबंध असा की सांगाड्यावर किती भार कुठे येणार हे आधी शिल्पकार ठरवतो. पाय किती फाकवायचे, हात शरीरापासून किती लांब न्यायचा, वाऱ्याला अडवणारे वस्त्र किती फुगवायचे, समुद्रकिनाऱ्यावर उभ्या करायच्या आकृतीचा गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा, हे निर्णय मातीच्या पहिल्या छोट्या नमुन्यातच होऊन जातात. अभियंता त्यांना हिशेब घालून देतो. पण चुकीच्या निर्णयाला बळकट करत बसण्यापेक्षा निर्णयच बरोबर घेणारा माणूस आधी हवा. वि. पां. करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी १९२८ पासून आणि सदाशिव साठे यांचा गेट वे ऑफ इंडियासमोरचा १९६१ पासून उभा आहे. दोघांचाही हात मातीत तयार झालेला होता. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी तारेचा सांगाडा कच्चा बांधला, रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले डोके सकाळी खांद्यावर घसरलेले पाहिले आणि मग आत लाकडाच्या फुल्या टांगायला शिकला, त्याला आतला सांगाडा ही काय चीज आहे हे कायमचे कळते. पडद्यावर फिरणाऱ्या आकृतीला गुरुत्वाकर्षण नसते. ती कधीच घसरत नाही आणि म्हणून हे शिकवतही नाही.

इथे स्कॅनच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद येतो: घसरू दे, आम्हाला ती वाट चालायचीच नाही, अचूक आकार यंत्राकडून मिळत असेल तर हाताने तो पुन्हा का काढायचा? हा युक्तिवाद वाटतो तितका नवा नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॅनर नव्हता, पण जिवंत शरीरावर थेट प्लास्टरचा साचा घेण्याची रीत होती आणि तो साचा आजच्या स्कॅनइतकाच प्रामाणिक होता. १८७७ साली रोदँने आपले ‘कांस्ययुग’ प्रदर्शनात ठेवले तेव्हा त्याच्यावर हाच आरोप झाला की पुतळा घडवलेला नाही, मॉडेलच्या अंगावरून साचा काढून ओतलेला आहे. आरोप खोडून काढायला रोदँला बरीच धडपड करावी लागली आणि पुढचा ‘संत जॉन’ त्याने माणसाहून मोठा केला, म्हणजे तशी शंकाच घेता येऊ नये. या प्रकरणातली फसवणुकीची बाजू आपण सोडून देऊ. शिल्पाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. अंगावरून घेतलेला साचा अचूक असूनही बहुधा निर्जीव येतो. प्लास्टरच्या वजनाने मांस दबते, न हलता बसलेल्या माणसाचे स्नायू सैल पडतात आणि सगळे तपशील सारख्याच ठळकपणे उमटतात. स्कॅनमध्ये वजनाचा दोष नाही, पण बाकीचे दोन आहेत. शरीराच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा, काय पुसायचे, कुठल्या कडेला धार आणायची, हे यंत्राला माहीत नसते. माहीत असायचे कारणही नाही. त्यातच आकार वाढवायचा असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. दोन फुटांच्या नमुन्यात प्रमाणशीर वाटणारे डोके तीस फुटांवर, खालून वर पाहताना, लहान भासते. हातभर अंतरावरून पुरेशी दिसणारी पापणीची खोली भर उन्हात दुरून सपाट होऊन जाते. यंत्र प्रत्येक माप इमानाने पंधरापट करते आणि नेमके म्हणूनच चुकते. ती चूक हेरून कुठे फुगवायचे आणि कुठे खोल कापायचे हे सांगणारा माणूस स्कॅनने तयार होत नाही.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न आहे. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज सीगल याने तर माणसांच्या अंगावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळूनच आपली शिल्पे केली आणि ती शिल्पे म्हणून मान्य झाली. मग साच्याला नावे का ठेवायची? नावे साच्याला नाहीतच. सीगलच्या अनेक गाजलेल्या आकृत्यांत साच्याच्या आतला हुबेहूब पृष्ठभाग दिसत नाही. बाहेरचा ओबडधोबड, पट्ट्यांच्या खुणांचा पृष्ठभागच आकृती म्हणून समोर येतो. तपशील गेला आणि बसण्यातला थकवा, खांद्याचा बाक उरला. साच्यात काय हरवते हे ज्याला पक्के ठाऊक होते त्यानेच हे केले. साधन जुने की नवे हा वादच नाही. आज संगणकावर आकृत्या घडवण्याचे झेडब्रशसारखे सॉफ्टवेअर शिकवतानाही गंभीर शिक्षक कवटी, छातीचा पिंजरा, कंबरेचे हाड आणि त्यांचे परस्परांशी होणारे कोन यांपासूनच सुरुवात करतात. चित्रपट आणि खेळांच्या उद्योगाला मूलभूत अभ्यास नको असता तर त्याने तो केव्हाच फेकून दिला असता. धंद्याला परंपरेचा लळा नसतो.

दुसरा आक्षेप नजर मारली जाते हा. त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी रोदँचेच नाव घेतले जाते, कारण पॅरिसच्या मोठ्या कलाशाळेने त्याला तीनदा प्रवेश नाकारला होता. शिकला नाही म्हणून वाचला, असा त्यातून निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात तो ज्या छोट्या शाळेत शिकला तिथे होरास लकोक द ब्वाबोद्राँ विद्यार्थ्यांकडून पाहिलेली वस्तू स्मरणातून काढवून घेत असत, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे रोदँने इमारतींच्या नक्षीकामावर रोजाने काम केले. पाने घडवताना काँस्ताँ सिमोन नावाच्या सहकाऱ्याने त्याला सांगितले की पान आडवे पसरलेले पाहू नकोस. त्याचे टोक तुझ्याकडे येते आहे असे पाहा. आकार म्हणजे आतून बाहेर येणाऱ्या घनाचे टोक, हे रोदँच्या सगळ्या कामाचे मर्म त्याला एका कारागिराकडून, नक्षीच्या पानावर मिळाले. ब्रांकुशीचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तो हुबेहूबपणापासून सर्वांत दूर गेला. अवकाशातला पक्षी म्हणून त्याने घडवलेला निमुळता ब्राँझ अमेरिकी कस्टमने कलाकृती मानायला नकार दिला आणि १९२८ साली न्यायालयाचा निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. हाच ब्रांकुशी बुखारेस्टमध्ये विद्यार्थी असताना शरीरशास्त्रज्ञ दिमित्रिए गेरोता यांच्या मार्गदर्शनाखाली कातडी सोललेल्या माणसाची, स्नायू न् स्नायू दाखवणारी आकृती करत होता, आणि ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याइतकी बिनचूक होती. त्या अभ्यासाने त्याची नजर मारली असे म्हणायचे असेल तर पक्ष्याच्या बुडाशी असलेली ती चिंचोळी मान पाहावी: सगळा उभार तिच्यावर तोललेला आहे आणि ती तसूभर जाड असती तर उड्डाण संपले असते. हा निर्णय कवितेतून येत नाही, वजनाच्या ओळखीतून येतो. एक-दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही हे मान्य. पण मूलभूत अभ्यासाने प्रतिभा मरते हा नियम खोटा ठरवायला ही दोन पुरेशी आहेत.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. आपल्याकडच्या कलाशाळांत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रती आणून त्यांची नक्कल करवली गेली, हे खरे आहे. त्याविरुद्ध कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ई. बी. हॅवेल यांनी युरोपीय नमुने बाजूला सारले, तेही योग्यच होते. परंतु परका होता तो नमुना. शिस्त परकी नव्हती. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ऋषी सांगतात, त्याआधी चित्र यायला हवे. चित्राआधी नृत्य, नृत्याआधी वाद्य आणि त्याहीआधी गायन. ज्या ग्रंथाने मूर्तिकाराला देहाचा तोल आणि लय कळण्यासाठी नृत्यापर्यंत मागे नेले, त्या परंपरेच्या नावाने पाया रद्द करण्याची मागणी करणे हे अज्ञान आहे. तालमानाची पद्धत पाहा: नवताल मूर्ती म्हणजे बारा अंगुळांचा एक ताल असे नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळे, चेहरा एक तालाचा. समभंग, त्रिभंग, अतिभंग हे शरीराचा भार कुठल्या पायावर आहे याचेच वर्गीकरण आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. वरून खाली जाताना चुकलेला दगड परत जोडता येत नाही; खाली येणाऱ्या हत्तींची पाठ वर शिखराची कड काढतानाच मनात ठरलेली असावी लागते. त्या शिल्पकारांकडे पदवी नव्हती, पण त्यांचे शिक्षण आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमाहून कडक होते यात शंका नाही.

आधुनिक काळातही देशीपणा आणि अभ्यास यांचे वैर दिसत नाही. जे. जे.मध्ये शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी विशीच्या उंबरठ्यावर ‘मंदिरपथगामिनी’ केली. देवळाला निघालेली ती नऊवारीतली स्त्री ग्रीक देवतेची नक्कल नाही. निऱ्यांचा भार कुठे पडतो आणि वस्त्राखालून कुठला पाय पुढे आला आहे हे कळते, म्हणून ती चालते. आणि हे कळणे त्याच वर्गातून आलेले आहे. रामकिंकर बैज यांनी लहानपणी बांकुड्यातल्या मूर्तिकारांचे काम जवळून पाहिले, पुढे शांतिनिकेतनात ते घडले आणि १९३८ साली त्यांनी सिमेंट व जांभ्याच्या खडीतून ‘संथाल कुटुंब’ उघड्यावर उभे केले. लोखंडी सांगाड्यावर ते मिश्रण थापत आकार वाढवायचा, तो ऊनपाऊस सोसत राहायला हवा आणि चालत्या कुटुंबाची गती त्यात अडकायला नको. यात आकाराचा, पदार्थाचा आणि तोलाचा असे तिन्ही प्रश्न एकदम आले. राम सुतार यांनी १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना वेरूळ-अजिंठ्याच्या जीर्ण शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते. जे. जे.चा वर्ग आणि वेरूळचा दगड या एकमेकींना छेद देणाऱ्या शाळा नाहीत हे त्यांच्यासारख्यांच्या कारकिर्दीतून दिसते.

तरीही विरोधकांना चीड कशाची येते हे समजून घ्यायला हवे, कारण ती चीड रास्त आहे. गावोगावच्या चौकांतले पुतळे पाहिले तर चेहरा फोटोशी जुळतो आणि मानेखाली कोटाच्या आत कोणीच नसते. विद्यार्थ्याला नाक करण्याची कृती शिकवली जाते, नाक कवटीतून का उगवते हे सांगितले जात नाही. हेन्री मूर लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकत असताना त्याला एका इटालियन कुमारी मातेच्या डोक्याची नक्कल मापयंत्राने बिंदू घेऊन करायची होती. त्याने ती डोळ्याने पाहून थेट दगडात कोरली आणि यंत्राच्या बिंदूंच्या खुणा नंतर उगाच उमटवून ठेवल्या. ही बंडखोरी नीट वाचावी. त्याने अभ्यास टाळला नाही. यांत्रिक कवायत टाळून अधिक अवघड अभ्यास अंगावर घेतला. म्हणजे मूलभूत शिक्षणाच्या नावाखाली जे चालते त्यातला बराच भाग खरोखर टाकाऊ आहे, आणि तो टाकण्याची मागणी समर्थकांनीच आधी करायला हवी होती. चेहरा जुळला की पैकीच्या पैकी गुण, ही पद्धत बंद व्हावी. विद्यार्थ्याचे काम फक्त समोरून न पाहता स्टँड फिरवून तपासले जावे. एकच आकार मातीत, दगडात, लाकडात आणि धातूत करायला लावून पदार्थ बदलला की आकार कसा बदलावा लागतो हे त्याला हाताने कळू द्यावे. ग्रीक प्रतींच्या शेजारी घारापुरी आणि वेरूळच्या शिल्पांचाही तितकाच काटेकोर अभ्यास व्हावा. स्कॅनरही वर्गात यावा, आणि त्याने दिलेली आकृती कुठे मेलेली आहे हे शोधून ती मातीत दुरुस्त करणे हाच स्वाध्याय असावा.

एवढे बदल केल्यावर जे उरते ते मात्र काढता येणार नाही. मातीकामाचे तास कमी करा, संकल्पनेचे वाढवा, असा प्रस्ताव मांडणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. उभ्या आकृतीचा भार कुठे उतरतो, तिची मागची बाजू पुढच्या बाजूला काय सांगते, मोठी केल्यावर ती कुठे फसते आणि आतला सांगाडा तिला किती वर्षे धरून ठेवील, हे विद्यार्थी कुठल्या तासाला शिकणार, ते त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवावे. दाखवता आले तर मातीचे तास खुशाल कमी करावेत. तोवर ते काढणे म्हणजे शिल्पकाराला त्याच्याच निर्णयांतून मुक्त करून ते निर्णय कंत्राटदाराच्या आणि यंत्राच्या हाती सोपवणे आहे, आणि त्याला कलेचे स्वातंत्र्य हे नाव देता येणार नाही.